वहीत रकाना नाही

सडबरी शाखा. फेब्रुवारीची सभा. बाहेर उणे एकतीस.
गेल्या सालापर्यंत आम्ही हॉटेलात भरायचो :
पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, आणि टोरांटोहून आलेलं कुणीतरी
खोल खाणींच्या भवितव्यावर स्लाइड दाखवायचं.
यंदा फिनिश हॉलचं तळघर,
वाटाण्याचं सूप, काळा पाव.
भवितव्य हा विषय पत्रिकेवर नाही.

मी सचिव. कारिना वुओरेला, वायुवीजन अभियंता.
जमिनीखाली दोन किलोमीटरवर
माणसांना श्वास पुरवणं हे माझं काम.
होतं.
म्हणजे आहे अजून, जूनपर्यंत.
हजर बेचाळीस. गणसंख्या पुरी.

खजिनदार रेजाँ तिबो उठला, चष्मा कपाळावर.
निकेल पडलं, म्हणाला. तीन शाफ्ट बंद.
आपल्या एकशे अठ्ठावीस जणांतल्या निम्म्यांचे पितळी बिल्ले
फाटकाजवळच्या फळीवरून उतरले.
आणि वर्गणी
शंभर टक्के जमा.

टाळी कुणीच वाजवली नाही.

माफीचे अर्ज छापून ठेवले होते,
गठ्ठ्याची दोरीसुद्धा सुटलेली नाही.
चौथ्या रकान्यात एकच शब्द : कारण.
झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात,
आमच्याकडे तिचा भाव दोनशे चाळीस डॉलर,
आणि तो प्रत्येकानं मुदतीच्या आत भरला.

मी ऑस्मो हार्युलाला फोन केला होता.
चाळीस मिनिटं तो बोलला
तलावाच्या बर्फाबद्दल, गिरमिटाचं पातं मोडलं त्याबद्दल,
एका ट्राउट माशाबद्दल, जो निसटला.
ठेवता ठेवता म्हणाला :
माझा चेक पोचला ना?

रेजाँ म्हणाला, तीस वर्षं मी खडकाला कान लावून बसलोय.
फुटायच्या आधी खडक कुरकुरतो, बारीक तडतडतो.
तडतडणाऱ्याची मला भीती नाही.
डोक्यावर एवढा भार असून जो गप्प आहे
त्याच्याखालून मी माणसं आधी हलवतो.
मग खाली बसला. चष्मा तसाच कपाळावर.

बॉयलरपाशी एवन प्रिचर्ड, अंगात कोट तसाच,
दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या.
यादीवर सही त्याची.
रेजाँ त्या यादीत सतरावा.
सभासद तोही आहे, वीस वर्षांपासूनचा.
नियमावलीत कुठेच लिहिलेलं नाही
की सही करणाऱ्यानं सूप कुठे बसून प्यावं.

नोएमी शार्बोनो, सुरुंगवाली, सगळ्यांत लहान,
तिनं ठराव मांडला :
यंदा वर्गणी एक डॉलर. सगळ्यांना.
नोकरी आहे त्यालाही, नाही त्यालाही.
चौथा रकाना रद्द.
पैसे कुठून, कुणीतरी विचारलं.
जेवणावळी बंद, ती म्हणाली, मुलांची शिष्यवृत्ती चालू,
बाकीचं पुढच्या वर्षी बघू,
पुढचं वर्ष आलं तर.

अनुमोदनाला हात वर झाला तो कोटातला.
माझीसुद्धा एकच डॉलर?
प्रिचर्डनं विचारलं, अगदी मनापासून,
आणि मागच्या बाकावर कुणीतरी फसकन हसलं,
मग आणखी कुणी.
नोएमी जाऊन त्याच्या शेजारी बसली.
क्षमा वगैरे काही नाही,
सुपाचं भांडं त्या बाजूला होतं.

ठराव एकमताने संमत, मी लिहिलं.
सभा आठ वाजून पन्नास मिनिटांनी समाप्त.

खरं तर नव्हती झाली.
इथली एक रीत आहे : अशा थंडीत
शेवटची गाडी सुरू होईपर्यंत कुणी निघत नाही.
पूर्वी या वेळी टेकडीपलीकडे मळी ओतायचे,
अर्धं आकाश तांबडं व्हायचं.
आता नुसते आमचे हेडलाइट
आणि बेचाळीस जणांच्या तोंडची वाफ.

प्रिचर्डची गाडी सुरूच होईना.
दोनदा घरघरली, गप्प झाली.
रेजाँनं एक सणसणीत फ्रेंच शिवी हासडली,
डिकी उघडली
आणि केबल काढल्या.